उस्तादांचा गाल

उस्ताद नावेच्या पोटाला गाल लावून बघायचे. वाळूजमधल्या आमच्या फायबरच्या शेडमध्ये नवीन आलेल्या माणसाला वाटायचं, म्हातारा उभ्या उभ्या झोपला की काय. पण चिकट रेझिन आणि काचतंतूंच्या मॅटमध्ये तीस वर्षं घालवून त्यांच्या बोटांची जाण पार गेली होती. "बोटं मेली, बाई. गाल जिता हाय अजून," असं ते म्हणायचे. मुगाएवढा फोडही त्यांच्या गालाला कळायचा. संध्याकाळी घरी जाताना त्यांचा डावा गाल काचेच्या कुसांनी लाल झालेला असायचा.

मी तिथं मॅट कापायला होते, बजाजनगरातून चालत यायचे. एरवी आम्ही पाण्याच्या टाक्या करायचो, पण जायकवाडीची एखादी नाव दुरुस्तीला आली की उस्तादांना वेगळाच हुरूप यायचा. माणूस मूळचा बिडकीनचा, काम मात्र कोकणातल्या एका बंदरावर शिकलेला. खारं पाणी समोरून मारतं, गोडं आतून, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. धरणाचं पाणी वरच्या जेलकोटमधून, म्हणजे नावेच्या बाहेरच्या गुळगुळीत थरातून, हळूहळू आत मुरतं, आतल्या कच्च्या रेझिनशी मिळून आंबतं आणि नावेच्या पोटावर फोड उठतात. वर्षातून दोन महिने तरी नाव काठावर पालथी घाला, असं ते प्रत्येक नाववाल्याला बजावायचे. ऐकायचं कोणीच नाही.

फोड फोडला की सिरक्यासारखा आंबट वास यायचा. ती जागा घासून मग उस्ताद मला साध्या पाण्यानं धुवायला लावायचे, रोज, आठ-आठ दिवस. एकदा मी वैतागून म्हटलं की ओल काढायची आणि वर पाणीच ओतायचं, हे कुठलं शास्त्र. ते म्हणाले, आंबट आत राहिलं तर वरून सोनं लावलं तरी फोड येणारच.

धुऊन झालं की वाळवणं. पालथ्या नावेवर प्लास्टिकचा चौकोनी तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून बंद करायचा. दुसऱ्या दिवशी त्याच्या आतून थेंब दिसले तर नाव अजून ओली. मोतीबिंदूमुळं उस्तादांना थेंब दिसत नसत. ते मला विचारायचे, "ओल हाय का?" मी काय म्हणेन त्यावर पुढचं काम ठरायचं.

एका उन्हाळ्यात दगडूदादांची नाव आली. दादा पैठणकडचे मासेमार, नाव एकच, तिच्यावर सगळं घर. ते एक दिवसाआड येऊन शेडच्या दारात उकिडवे बसायचे. तगादा नाही, काही नाही, नुसते बसायचे. दीड महिना झाला, नाव तव्यासारखी तापत होती, तरी सकाळी थेंब होतेच. एका सकाळी ते दारात बसलेले असताना मला राहवलं नाही. मी प्लास्टिक सोडवलं, सांगताना खोटं वाटू नये म्हणून थेंब पदरानं पुसले आणि पुन्हा चिकटवलं.

थोड्या वेळानं उस्तादांनी विचारलं, "ओल हाय का?" मी म्हटलं, "नाय." त्यांनी त्याच दिवशी पाणी अडवणाऱ्या इपॉक्सीचा पहिला हात मारला. नाव नेताना दगडूदादांनी मला हात जोडले, तेव्हा फार बरं वाटलं होतं.

वर्षाच्या आत ती नाव परत आली. उस्तादांनी गाल लावला आणि बराच वेळ तो उचललाच नाही. एक फोड फोडला, वास घेतला आणि माझ्याकडं तोंड केलं. त्यांना कळलं होतं. दगडूदादा विचारत होते, असं कसं झालं. "चूक माझी," उस्ताद म्हणाले. "वाळली नव्हती नीट." तेव्हा मी बोलायला हवं होतं. मी मॅट कापत राहिले.

त्यांनी सगळा थर पुन्हा स्वतः घासून काढला. मी धुतलं. प्लास्टिक लागलं. आता ते दुसऱ्या कुणाला विचारतील, असं मी धरून चालले होते. सकाळी त्यांनी मलाच हाक मारली.

"बाई, ओल हाय का?"

"हाय, उस्ताद."

"मग थांबू."

त्यानंतर चार दिवसांनी उस्ताद झोपेतच गेले. मी बिडकीनला मातीला गेले. बायका रडत होत्या, मी त्यांच्यात बसून होते. मला काहीच वाटत नव्हतं, दुःखसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी कामावर आले आणि प्लास्टिक बघितलं. थेंब होते.

महिन्याभरानं एका सकाळी ते कोरडं दिसलं. खात्रीसाठी मी आणखी दोन दिवस थांबले. मग नावेला गाल लावून बघितला. कुसं टोचली, बाकी मला काही कळलं नाही. दगडूदादा दारात बसले होते. त्यांनी विचारलं, वाळली का.

"वाळली," मी म्हटलं. "पण दादा, गेल्या साली उस्ताद चुकले नव्हते."