ज्युनिअर मेंबर सुभेदार

आमच्या वेबसाइटवरचे दोघे कुठे भेटले, की तिसऱ्या मिनिटाला ‘आपला पार बदलला तेव्हा...’ असं सुरू होतं. मग चहा निवतो, एसटी चुकते. हे किस्से कुणी मुद्दाम जमवले नाहीत, ते आपले साठत गेले. त्यातले बरेचसे माझ्यासमोर घडले आणि काही माझ्यामुळे, हे आधीच कबूल करतो.

नव्वदीची शेवटची वर्षं. सांगलीत माझा कॉम्प्युटर क्लास होता. मित्र बाहुबली मगदूम बेदाण्याचा व्यापारी, पण जीव सगळा कॉम्प्युटरमध्ये. दोघांनी मिळून सातारा-सांगलीच्या माणसांसाठी वेबसाइट काढली आणि गप्पा मारायला तिच्यावर एक पान ठेवलं. त्याचं नाव ‘पार’. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचं, खाली नाव टाकायचं, झालं. सगळं एकाच पानावर.

रोज सकाळी साताऱ्याचे रिटायर्ड सुभेदार कांबळे ‘जयभीम, जयहिंद’ लिहून पारावर हजेरी लावायचे. मग कुणाला तरी काहीतरी खडसावून विचारायचे, आणि दुबईपासून जतपर्यंत सगळे उत्तरं द्यायला लागायचे. पार काढला आम्ही, पण चालवला सुभेदारांनी.

पुढे ते पान इतकं लांबलं, की उघडेपर्यंत फोनची लाइन कट व्हायची. म्हणून बाहुबलीने नवं सॉफ्टवेअर आणलं. आता आधी नाव नोंदवायचं, पासवर्ड घ्यायचा आणि ज्या त्या विषयाखाली लिहायचं. “लोकांना लय आवडंल,” तो म्हणाला. मला धास्ती एकच होती. ह्या बदलात सुभेदार टिकतात की नाही?

*

पहिल्याच आठवड्यात सुमनआक्कांनी कमाल केली. आक्का मूळच्या इस्लामपूरच्या, तेव्हा लेकीकडे मस्कतला होत्या. त्यांनी पारावर जाहीर मेसेज टाकला : ‘माझा पासवर्ड खाली देते. कुणीतरी लिहून ठेवा, मला विसरायची सवय हाय.’

मी कपाळाला हात लावला. तासाभरात आक्कांच्याच नावाने दुसरा मेसेज आला : ‘आक्का, पासवर्ड बदला. सगळ्यांना कळलाय.’ कुणीतरी भला माणूस आत शिरून सांगून गेला होता.

त्याखाली आक्कांचं उत्तर : ‘कळू दे की. घरचीच माणसं हायती.’

आक्कांनी पासवर्ड बदलला नाही. पुढे त्या आठ दिवस आजारी पडल्या, तेव्हा रोज कुणी ना कुणी त्यांच्या नावाने ‘आज बरं आहे’ असं लिहून ठेवत होतं. बातमी कुठून मिळत होती, देव जाणे.

*

जतचे गावडे गुरुजी दर शनिवारी एसटीने सांगलीला येऊन माझ्या क्लासमध्ये पार वाचत. नव्या सॉफ्टवेअरमध्ये मेसेजला शीर्षक द्यावं लागे. गुरुजींनी आयुष्यभर पत्रं लिहिलेली. कागदाच्या माथ्यावर काय लिहायचं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्यांनी लिहिलं, ‘श्री’.

महिन्याभरात पारावर ‘श्री’ नावाचे सतरा विषय झाले. टँकर कुठला, मेंढरं कुठली, कुणाला पत्ता लागेना. बाहुबलीने हात जोडले, “गुरुजी, शीर्षकात विषय लिवा.”

“असं होय,” गुरुजी म्हणाले. पुढच्या शनिवारी शीर्षक आलं : ‘विषय : पाण्याच्या टँकरबाबत. संदर्भ : आपला दि. ४ रोजीचा मेसेज.’

लोकांना ते इतकं आवडलं, की दुबईची पोरंसुद्धा ‘विषय : पुरणपोळीच्या आठवणीबाबत’ असं लिहायला लागली. पार उघडला की पंचायत समितीचं आवक-जावक रजिस्टर उघडल्यासारखं वाटायचं.

*

नव्या सॉफ्टवेअरमध्ये भांडण वाढलं तर त्या विषयाला कुलूप लावायची सोय होती. बाहुबलीला ती फार आवडली. साताऱ्याचे कंदी पेढे मोठे की सांगलीचं भडंग, ह्यावर दोन सांगलीकर हमरीतुमरीवर आले. एकाची सासुरवाडी साताऱ्याची, एवढंच निमित्त. बाहुबलीने खटकन कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी दोघे एकाच स्कूटरवरून त्याच्या दुकानात हजर. “कुलूप काढ गड्या, माझं एक वाक्य राहिलंय.”

“मग हितंच बोला की समोरासमोर.”

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. “तोंडावर कसं बोलायचं? पावणा हाय त्यो माझा.”

*

आता सुभेदार. त्यांनी पहिला महिनाभर नावच नोंदवलं नाही. “पार माझ्यापास्नं सुरू झाला, आनि मीच नाव नोंदवू?” शेवटी लेकीने समजूत घातली. त्यांनी नाव नोंदवलं, ‘जयभीम, जयहिंद’ टाकलं आणि लगेच मला फोन केला.

“कॉम्प्युटरवाले, माझ्या नावाखाली ज्युनिअर मेंबर का लिवलंय?”

मेसेजच्या संख्येप्रमाणे सॉफ्टवेअर हुद्दे देत होतं. सगळ्यांची मोजणी नव्याने सुरू झालेली. सुभेदारांचा मेसेज एकच.

“आनि शिंदे सीनिअर कवापास्नं झाला?”

हवालदार शिंदे औंधचे. सुभेदारांच्याच पलटणीत, त्यांच्या हाताखाली होते. आता साताऱ्याच्या एमआयडीसीत सिक्युरिटीला. तिथल्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर जेवणाच्या सुट्टीत बसून, डबा बाजूला ठेवून, ते पारावर लिहीत.

“साहेब, जास्त लिहिलं की मशीन आपोआप बढती देतं.”

“जास्त बोलल्यावर बढती? आमच्यात शिंद्याला त्याची शिक्षा व्हायची.”

मी म्हटलं, तुमच्या नावाखाली ‘सुभेदार’ असं घालून देतो. ते भडकलेच. “वशिल्याची फीत मी लावत न्हाई.” फोन बंद, आणि पारावर येणंही बंद.

इकडे शिंद्यांना कळलं, की ते साहेबांना सीनिअर झालेत. बिचारे हादरले. त्यांनी लिहिलं, ‘साहेब, माफी असावी.’ उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी, ‘साहेब, चुकलं असंल तर सांगा.’ तिसऱ्या दिवशी आणखी एक. प्रत्येक माफीचा मेसेज मोजला जात होता. पंधरा दिवसांत शिंदे माफी मागत मागत ‘व्हेटरन मेंबर’ झाले!

सकाळी विचारणारं कुणी उरलं नाही, तसे उत्तर देणारेही गळाले. आक्कांनी दोनदा विचारलं, ‘सुभेदार कुठं हायती?’ मला ते वाचवेना. वर्षभर मी त्या माणसाच्या ‘जयहिंद’वर दिवस सुरू केला होता.

एका रविवारी शिंदे एसटीने सांगलीला आले. क्लासच्या दारात ताठ उभे. “सर, माझं नाव खोडून टाका.”

“नाव काढलं तर तुमचं सगळं लिहिलेलं जाईल. त्याला लोकांनी दिलेली उत्तरं लोंबकळत राहतील.”

“मग ऱ्हाऊ द्या,” शिंदे म्हणाले, “पर नवं नाव कसं नोंदवायचं, त्येवढं दावा.”

मंगळवारी पारावर नवा माणूस आला. नाव ‘रिक्रूट’. ज्युनिअर मेंबर. ‘सुभेदारसाहेब, मी नवीन हाय. हितल्या रीतीभाती सांगाल का?’

बुधवारी सकाळी पडदाभर उत्तर आलं. वर ‘जयभीम, जयहिंद’.

मग ते रोजचंच झालं. जेवणाच्या सुट्टीत रिक्रूट एक प्रश्न विचारायचा, सुभेदार सकाळी उत्तर द्यायचे आणि सोबत इतर चार जणांना झापायचे. रिक्रूटचे मेसेज त्यांच्यापेक्षा कायम कमी. पार पुन्हा भरला. ज्या दिवशी सुभेदार ‘सीनिअर मेंबर’ झाले, त्या दिवशी त्यांचा फोन आला.

“त्यो रिक्रूट गडी शिस्तीचा हाय बरं का. शिंद्याला म्हनावं, शीक जरा त्येच्याकडनं.”

“जी साहेब, सांगतो.”

“आनि आजून एक सांगा त्याला. म्हनावं, आता झालो मी सीनिअर. उद्यापास्नं सुट्टीत डबा खात जा.”