नोलाने कपाटवाल्यांची तबकडी लावली तेव्हा

आमच्या डनीडन गावात चाळिशीपुढच्या कुणालाही आ करायला सांगा, आत नोला पिल्चरचं काम दिसेल. बत्तीस वर्षं तिने शाळेच्या दवाखान्यात पोरांचे दात कोरून भरले. पोरं त्या खोलीला खाटीकखाना म्हणायची आणि तिला ते ठाऊक होतं. पण "दुखणार नाही" असं ती एकाही पोराशी खोटं बोलली नाही. "दुखेल. दहा आकडे मोज," एवढंच. निवृत्त झाल्यावर बाकीच्या बायका गुलाब लावतात, हिने गावच्या रेडिओवरचा गुरुवारी दुपारी तीनचा कार्यक्रम पटकावला. तबकड्या ती लावते, फोन मी उचलतो. मी क्लाइव, जुना पोस्टमन. चाळीस वर्षं कुत्री अंगावर आली, आता श्रोते येतात.

नोलाचा एक हट्ट आहे. नवी तबकडी आधी ऐकायची नाही, श्रोत्यांबरोबरच पहिल्यांदा ऐकायची. "नाताळची भेट आदल्या दिवशी फोडतात का रे?" असं म्हणून ती माझं तोंड बंद करते.

त्या गुरुवारी भेट होती 'हॉट वॉटर कपबर्ड' या बँडची. आमच्याच गावची तीन पोरं. हिवाळ्यात त्यांच्या घरात गरम पाण्याच्या टाकीचं कपाट तेवढं ऊबदार असायचं, ओले कपडे वाळवायचं. त्यात कोंबून बसून त्यांनी पहिली गाणी केली, म्हणून हे नाव. आम्ही त्यांना कपाटवालेच म्हणतो. चार वर्षांपूर्वी त्यांची पहिली तबकडी आम्ही वाजवली, तेव्हा दुपारभरात तीन फोन आले. दोघांनी "बंद करा" म्हटलं आणि तिसरीचं मांजर हरवलं होतं.

गाणारी तुई आदल्या दिवशी नवी तबकडी द्यायला आली, तेव्हा तिचा चेहरा पडलेला होता. "आंटी, उद्या पुन्हा तसंच झालं ना, तर बँड संपला," ती म्हणाली. "रोरीला ऑस्ट्रेलियात खाणीत नोकरी मिळतेय. ड्रम वाजवणाराच गेला की मी कुणाच्या तालावर गाणार?"

"तू गायलीस, आता ऐकणारे बघतील," नोला म्हणाली. पण तुई गेल्यावर मला म्हणते कशी, "क्लाइव, फोन नाही आले तर तूच बाहेर जाऊन श्रोता म्हणून कर." मी नाही म्हटलं. खरं सांगतो, नंतर मलाच वाईट वाटलं.

गुरुवारी तीनला नोलाने सुई टेकवली, आपला चीज रोल हातात घेतला आणि खुर्चीत रेलली. आणि अहो, काय ते गाणं! टुणटुण गिटार, धावता ड्रम, वर तुईचा आवाज चिमणीसारखा चिवचिवतोय. माझे पाय टेबलाखाली आपोआप हलायला लागले. दुसरं गाणं सुरू व्हायच्या आत फोनचे पाचही दिवे पेटले.

"सेंट किल्डाच्या स्टॉपवर बस उभी आहे," बसचा ड्रायव्हर ओरडत होता. "कुणी उतरायलाच तयार नाही, सगळे डोलतायत! वेळापत्रक गेलं खड्ड्यात!"

वृद्धाश्रमाची स्वयंपाकीण म्हणाली, "मिसेस डॅलझील वॉकर सोडून नाचतेय हो! ब्याण्णव वर्षांची! पुढचं गाणं जरा थांबवा, मला तिला धरू द्या!"

एक जाडजूड आवाज म्हणाला, "नोलाबाईंनी एकोणनव्वद साली माझी दाढ उपटली होती. सांगा त्यांना, आज माफ केलं."

तेवीस फोन! मी टेबलापलीकडून नोलाला बोटांनी आकडे दाखवत होतो आणि ती तोंडात चीज रोल धरून खुर्चीत गिरक्या घेत होती. दोन म्हातारी माणसं, पण आनंदाने नुसती खुळावली होती.

तेवढ्यात तुई जिना चढून आत घुसली. अनवाणी, धापा टाकत.

"आंटी! पंचेचाळीसवर लावलंयस!"

पहिली बाजू त्याच क्षणी संपली. एकवीस मिनिटांची बाजू साडेपंधरा मिनिटांत! आमच्या आधीच्या कार्यक्रमाचा माणूस छोट्या तबकड्या वाजवतो, त्या मिनिटाला पंचेचाळीस फेरे अशा जोरात फिरवाव्या लागतात; मोठीला तेहेतीस पुरतात. बटण तसंच राहिलं होतं आणि मोठी तबकडीही त्याच वेगाने पळाली. नोलाने बटणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी छताकडे.

"पण सांगू नकोस ना," तुई तिचा हात धरून म्हणाली. "तेवीस फोन आलेत, आंटी! आवडलंय लोकांना. तसंच राहू दे. आम्ही पुढेही तसंच वाजवू."

"आणि तू चिमणीच्या आवाजात गाणार आहेस का जन्मभर?" असं म्हणून नोलाने माईक ओढला. "लोकहो, मी गाढव आहे. तुमच्या टाळ्या चुकीच्या वेगाला पडल्या. आता खरी तबकडी ऐका. नाही आवडली तर तसंही सांगा."

तिने बटण फिरवलं आणि सुई पुन्हा पहिल्या गाण्यावर टेकवली.

तीच गाणी आता सावकाश चालत आली. तुईचा आवाज खाली उतरला, जरा खरखरीत, जवळचा. मघाशी ज्या ओळीला मी पाय हलवत होतो, त्याच ओळीला चष्मा काढून डोळे पुसले. बायको गेल्यापासून असं झालं नव्हतं. पण फोन? एक दिवा लागेल तर शपथ. पाच मिनिटं, दहा मिनिटं, चिडीचूप. तुई भिंतीला पाठ लावून खाली बसली. मी नोलावर मनातल्या मनात इतका चिडलो की काय सांगू. काय गरज होती सत्यवचनी व्हायची?

बाजू संपली. "झालं," तुई म्हणाली. नोलाने सुई उचलून ठेवली.

तेवढ्यात एक दिवा लागला. माझ्याआधी तुईनेच फोन झडपला. मी बटण दाबून आवाज खोलीत सोडला.

"अं, मी मोसगीलचा म्हातारा शेतकरी बोलतोय," कुणीतरी घोगऱ्या आवाजात म्हणालं आणि उगाचच खोकलं. "पहिल्यांदा हसलो. दुसऱ्यांदा मात्र गाडी बाजूला घेतली. म्हणजे ट्रॅक्टर. ड्रम काय, ठीकठाक आहे. पण ती गाणारी! तिला म्हणावं, थांबू नकोस. मेंढ्यासुद्धा ऐकत उभ्या आहेत."

तुईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. पण आवाज साळसूद.

"आजोबा, तुमच्या मेंढ्या ऑस्ट्रेलियाला निघाल्या होत्या ना?"

पलीकडचा खोटा खोकला मध्येच थांबला. मग रोरी आपल्या रोजच्या आवाजात म्हणाला, "नाही गं. मेंढ्यांना इथलंच गवत आवडतं."

"मग उद्या सहाला तालमीला या, आजोबा. तिसऱ्या गाण्यात ड्रम घाई करतो, तेवढं बघू."

"क्लाइव!" नोला केकाटली. "त्यांचं होईल रे, बाकीचे चार दिवे पेटलेत, ते कोण उचलणार?"