ओढ्याकाठची बाळंतीण

"हळू की वो. बाळंतीण हाय हितं."

कळंब्याच्या आमच्या गल्लीत कुणी पाय आपटत चाललं, की बाई कुंपणाआडून असं दटावायच्या. बाई म्हणजे माझ्या शेजारीण, हायस्कुलात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. नवरा गेलेला, लेक परदेशात. घरात एकटा जीव, आणि आवाज असा की माझी पिठाची गिरण चालू असतानाही कानात शिरायचा.

तुम्ही म्हणाल, एकट्या बाईच्या घरात बाळंतीण कुठली? मला कुठं ठाऊक होतं? फाटकाला कडुनिंबाची डहाळी बांधलेली दिसली. डहाळी दिसली की बाळंतविडा घेऊन जायचं, एवढी रीत मला कळते. डिंकाचे लाडू केले, खारीक-खोबरं घेतलं आणि ताट घेऊन गेले. बाईंनी एक लाडू तोंडात टाकला आणि मला मागच्या ओढ्यावर नेलं. ओल्या काठावरचा एक दगड अलगद उचलला. खाली जाडजूड गांडुळासारखं जांभळट जनावर अंड्यांच्या घोसाला वेटोळं घालून बसलं होतं.

"साप," म्हणत मी मागं सरले.

"साप न्हाय गं. देवगांडूळ. बेडकाची चुलत बहीण. पाय न्हाईत, डोळं असून नसल्यागत. पर अंडी फुटेपतोर जागची हलायची न्हाय बघ." दगड होता तसा ठेवून त्या तिथंच बसल्या. "सारी नोकरी पोरांना बरणीतलं मेलेलं दाखवण्यात गेली. जितं आत्ता बघितलं." त्यांचे डोळे भरून आले.

परत येताना म्हणाल्या, "तुझी गिरण जरा हळू चालव. तिला हादरं बसत्यात."

"बाई, गिरण काय हळू चालत नसते," मी फटकारलं. हे बरं, लाडू खाऊन वर उपदेश.

पण आठवड्यातच ओढ्याचे काठ सिमेंटनं बांधायचं काम निघालं. ठेकेदार जेसीबी घेऊन दारात. बाईंनी हात जोडले, "पिल्लं पाण्यात जाऊ द्या, मग खुशाल खणा."

"किड्यापायी काम थांबवू व्हय?" तो म्हणाला. "उद्या सकाळी सुरू करणार."

एवढा मोठा आवाज असलेल्या बाई, पण त्या दिवशी त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. माझं डोकंच फिरलं. संध्याकाळी दळण न्यायला आलेल्या एकेकीला बजावलं, उद्या सकाळी बाळंतविडा घेऊन ओढ्यावर यायचं. बायकांना निमित्तच हवं असतं. कुणी अळिवाची खीर आणली, कुणी शेपूची भाजी, पलीकडच्या चाचींनी हरीरा आणला. बाईंनी फाटकाची डहाळी आणून दगडाशी खोवली, तिच्यासमोर ताटांची रांग लागली. ताटांपुढं जेसीबी.

ड्रायव्हरनं ताटं बघितली, डहाळी बघितली आणि इंजिन बंद केलं. "साहेब, बाळंतिणीच्या दारात मशीन न्हाय घालत मी. माझ्या बी घरात बाळंतीण हाय."

ठेकेदार त्याच्यावर ओरडला, मग आमच्याकडं बघून त्यानं आवाज उतरवला. "हिचं कवा आटपणार?"

"तिलाच इचार," बाईंना आवाज परत सापडला होता. "मी काय तिची सासू न्हवं."

गल्ली अशी हसली की ठेकेदारालाही हसू आवरेना. ड्रायव्हरच्या बायकोसाठी बाईंनी अख्खं ताट बांधून दिलं.

अंडी फुटली त्या दुपारी बाई गुडघाभर पाण्यात उभ्या राहून सगळ्या गल्लीला हाका मारत होत्या. पायाशी दोऱ्यासारखी पिल्लं वळवळत होती. मुलगे की मुली ते कळेना, म्हणून बाईंनी पेढेही वाटले आणि जिलेबीही. ठेकेदारानं तेवढा काठ मातीचाच सोडला. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, "बायका लई हायत हितं."

बाई गेल्या वर्षी गेल्या. फाटकाला कुलूप आहे.

परवा तोच ठेकेदार ओढ्यातला गाळ काढायला आला. मी कोंड्याचं घमेलं घेऊन धपाधप काठावर गेले, तर त्यानं हात आडवा केला. शेजारच्या झुडपाला कडुनिंबाची ताजी डहाळी बांधलेली होती.

"हळू की वैनी," तो दबक्या आवाजात म्हणाला. "बाळंतीण हाय."

मी परत आले आणि गिरणीचा खटका पाडला. दळणं पडून होती, बायका ओरडत होत्या. ओरडू देत. त्या दिवशी मी गिरण बंद ठेवली.