आमसुली डायनासोर

माझ्या फ्रिजवर सदतीस डायनासोर उभे आहेत. सगळ्यात मोठा तळहाताएवढा, सगळ्यात धाकटा काजूएवढा. घोडपदेवच्या चाळीत, दोन खोल्यांत, याहून मोठी जनावरं पाळता येत नाहीत. मी बावन्न वर्षांची आहे, फोर्टात एका कचेरीत नोकरी करते आणि रविवारी गॅलरीत वर्तमानपत्र पसरून या मंडळींना रंग देते. "मूलबाळ नाही ना, मग असं काहीतरी लागतं," असं शेजारची एक बाई जिन्यात म्हणाली होती. मी म्हटलं, मूल असतं तर त्यालाही हात लावू दिला नसता. तेव्हापासून ती जिन्यात मला आधी वाट देते.

सुरुवात आईमुळे झाली. दादरच्या फुटपाथवरून मी प्लास्टिकचा एक तीनशिंगी कौतुकाने घरी आणला, तर आई किंचाळलीच. "ह्यो पोपटी कोणी फासल्यान? जनावर आसा काय कैरी आसा?" एरवी ती मुंबईचं मराठी बोलते, चिडली की थेट मालवणात पोचते.

चिडायला कारण होतं. बाबांची गिरणी बंद पडली तेव्हा आई हिंदमाताच्या एका मॅचिंगच्या दुकानात काउंटरला उभी राहिली, ती तीस वर्षं. गिऱ्हाईकाने पिशवीतून साडी अर्धी काढेपर्यंत हिने मागे न बघता ब्लाउजच्या कापडाचं नेमकं थान ओढलेलं असायचं. पण ट्यूबलाइटखाली ती कधीच हो म्हणायची नाही. साडी आणि कापड घेऊन दुकानाच्या दारात यायचं, उन्हात दोन्ही शेजारी धरायचं, आणि तिथे रंग जुळला तरच "बसला" म्हणायचं. न बसलेला रंग तिने कुणाच्या गळ्यात मारला नाही, मालक कितीही खुणा करो.

आणि डायनासोरांचं असं आहे की, त्यांतल्या बहुतेकांचा रंग नक्की काय होता हे कुणालाच ठाऊक नाही. माझ्याकडच्या पुस्तकांत तसं प्रामाणिकपणे कबूल केलेलं आहे. हे ऐकून आई खूश झाली. कुणालाच ठाऊक नाही, म्हणजे तिलाच ठाऊक.

मग आमची पद्धत ठरून गेली. मी जनावर घासून गुळगुळीत करायची, पांढऱ्या रंगाचं अस्तर द्यायची, आणि आई गॅलरीत स्टुलावर बसून हुकूम सोडायची. "लांबमान्याला मोरपंखी. पोटाला केतकी." काठ प्रत्येकाला हवाच, काठाशिवाय अंगावर काही शोभत नाही हे तिचं ठाम मत. पाठीवर पापड वाळत घातल्यासारखा जो असतो, त्याला डाळिंबी अंग आणि मोतिया पापड. नमुना म्हणून कापडाचा तुकडा वगैरे लागायचा नाही, सगळे रंग तिच्या डोक्यात. मी बाटलीच्या झाकणात रंग कालवायची, ती उजेडात बघायची आणि "बसला" म्हणायची. मगच ब्रश टेकवायचा. खोटं कशाला बोलू, जनावरं देखणी व्हायची.

गेल्या वर्षी तिने मोठ्या जबड्याच्या मांसखाऊला आमसुली सांगितला. आमसुली मला न कळायला काय झालं? बरणीभर आमसुलं घरात आहेत. मी हुबेहूब रंग कालवला.

"हा तपकिरी झाला," आई म्हणाली. "निळा घाल."

घातला. "अजून." अजून घातला. असं पाच-सहा वेळा झालं. शेवटी झाकणात जे उरलं ते भडक जांभळं होतं. आईने ते उन्हात धरलं, समाधानाने मान हलवली आणि म्हणाली, "बसला."

मला आधी हसू आलं. पण पंधरा दिवसांनी ती माझ्या गडद निळ्या कुडत्याला काळा म्हणाली, तेव्हा मी तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगला पिकलेला, त्यातून निळा नीट दिसत नाही. ऑपरेशन करून घ्या, म्हणाले. आईने साफ नकार दिला. "तळमजल्यावरच्या काकींचं झालं, तर त्या म्हणतात, सगळं निळंनिळं दिसतं. माझे रंग बिघडले तर माझ्याकडे राहिलं काय?"

रंग आधीच बिघडलेत हे तिला ठाऊक नव्हतं, आणि मी सांगितलं नाही. वर्षभर ती म्हणेल तो रंग मी लावत गेले. एकामागोमाग सहा जनावरं जांभळी निघाली. दरवेळी ती विचारायची, "बसला ना गो?" आणि तिच्या नजरेला नजर न देता मी म्हणायची, "बसला."

मग दादरच्या एका हॉलमध्ये छंदांचं प्रदर्शन भरलं. मी पंधरा डायनासोर मांडले. त्यांच्यापुढची कार्डं आईने स्वतःच्या अक्षरात लिहिली, प्रत्येकावर रंगाचं नाव. रेशमी साडीतल्या एक बाई मांसखाऊपाशी थबकल्या. "आमसुली? हा तर जांभळा आहे."

"बाई, तीस वर्षं हिंदमाताला उभी होते मी," आई म्हणाली.

"आणि मी तीस वर्षं तिथूनच ब्लाउजपीस घेतेय."

झालं! आईने मांसखाऊ उचलला आणि तरातरा हॉलच्या दारात गेली. मागोमाग त्या बाई, मागून मी. आईने जनावर उन्हात त्यांच्या पदराच्या काठाला लावलं. "बघा. तुमचा काठ तपकिरी आहे."

"अहो, आमसुली आहे तो. आमसुली म्हणूनच घेतलाय."

आईने काठ बोटांत धरला. पुष्कळ वेळ बघितलं. मग माझ्याकडे वळली. आवाज अगदी लहान झाला होता. "तुका काय दिसता?"

"जांभळा," मी म्हटलं.

"कधीपासून?"

"वर्ष झालं असेल."

"आणि तू बसला म्हणत होतीस." मांसखाऊ माझ्या हातात देऊन ती आत जाऊन बसली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी चहा पुढे ठेवत म्हणाली, "डॉक्टरांची तारीख घे. एकाच डोळ्याची. त्याचं काय होतं ते बघू."

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढून घरी आलो आणि मी धीर करून गॅलरीच्या कठड्यावर सहाही जांभळे मांडले.

"अरे देवा! हे असलं तू लोकांना दाखवलंस?" आई हसत सुटली. डॉक्टरांनी शिंकायला मनाई केली होती, हसण्याचं आम्ही विचारलंच नव्हतं. मग डोळे टिपत तिने एकेक रंग घडाघडा सांगितला, कुणात निळा किती जास्त झालाय ते सुद्धा. माझा जीव भांड्यात पडला. तिचे रंग जागेवर होते.

मी डोळ्यांत घालायचे थेंब घेऊन जवळ गेले, तर ती माझ्याकडेच बघत राहिली.

"हे कधी झालं?"

"काय?"

"केस."

"पांढरे होऊन तीन-चार वर्षं झाली," मी म्हटलं.

"सांगायचं नाही?"

खरं म्हणजे वर्षभर मी गप्प राहिले ती नुसती तिच्या काळजीने नव्हे. माझ्या डोक्याला तेल लावताना ती म्हणायची, "माझ्या पोरीचे केस बघा, अजून काळेभोर." सगळ्या चाळीला आणि सगळ्या कचेरीला माझं वय दिसत होतं. जगात एकच माणूस उरलं होतं ज्याच्या लेखी मी तरुण होते, आणि ते मला सोडवत नव्हतं. हे सगळं मी तिला सांगून टाकलं. सांगताना रडू आलं, लाजही वाटली.

आईने नव्या डोळ्यापुढे तळवा आडवा धरला आणि जुन्या डोळ्याने माझ्याकडे पाहिलं. मग जुना झाकून नव्याने पाहिलं. मग परत जुन्याने, सावकाश.

"दुसऱ्या डोळ्याची घाई करू नको गो," ती म्हणाली.