मनूचं प्रगतिपुस्तक आणि परदेशी शाळा

घरात दोन शाळकरी पोरं आणि एक टीव्ही असला की किस्से शोधायला जावं लागत नाही, सोफ्याखाली झाडू घातला तरी दोन-चार निघतात. मला लिहिता येत नाही. मी सांगतेय, आणि माझी नात मनू लिहून घेतेय.

हिंदी मुलखातल्या बरखेड्याच्या आमच्या कंपनी क्वार्टरमध्ये त्या आठवड्यात रोज जेवताना एक डॉक्युमेंटरी चालायची. परदेशातल्या हायस्कूलची. मनू अकरावीत. सहामाहीत ती फिजिक्समध्ये नापास झाली होती आणि सोमवारपर्यंत प्रगतिपुस्तकावर पालकाची सही हवी होती. हे फक्त मला माहीत होतं. तिच्या बापाला, माझ्या विलासला, सांगायची तिची छाती होत नव्हती.

पहिल्या दिवशी त्या शाळेत प्रत्येक पोराला स्वतंत्र कपाट दाखवलं. तिचा नववीतला भाऊ ओंकार म्हणाला, "आजी यार, आपल्याकडे असं काहीच नाही."

"आहे की," मी म्हटलं. "तुझ्या खोलीतली ती खुर्ची. चार दिवसांचे कपडे आहेत तिच्यावर."

दुसऱ्या दिवशी एक मास्तर चक्क टेबलावर बसून शिकवत होते. विलासला ते बघवेना. "आमचे सर असे कधी टेबलावर बसले नाहीत."

"कसे बसतील? तुला बाकावर उभं करून तुझ्यावर लक्ष ठेवायला त्यांना उभंच राहावं लागायचं."

ओंकार दर पाच मिनिटांनी टीव्ही थांबवून मला हिंदीत समजावायचा. मी म्हटलं, "राहू दे. त्या लाल स्वेटरवालीचं मैत्रिणीशी भांडण होणार." झालं. "आजी, तुला इंग्लिश समजतं?" "नाही रे. पण चाळीस वर्षं या कॉलनीत नळावर पाणी भरलंय."

तिसऱ्या दिवशी एक मुलगी कॅमेऱ्यासमोर मन मोकळं करून रडली. सुनबाई म्हणाली, "बघा, परक्या माणसाला सगळं सांगते. आमची मनू घरच्यांना चकार शब्द सांगत नाही."

"कॅमेरा मधेच बोलत नाही, सुषमा."

शेवटच्या भागात एका मुलाने खराब निकाल बापापासून लपवला. विलासने पोळीचा तुकडा मोडला आणि म्हणाला, "आमच्या वेळी एवढी हिंमत नव्हती कुणाची."

मनूचा घास हातातच राहिला. मग ती उठली, दप्तरातून प्रगतिपुस्तक आणलं आणि बापाच्या ताटाशेजारी ठेवलं. टीव्ही बंद झाला. विलासने वाचलं. पुन्हा वाचलं. कपाळावर आठी चढली.

मी विचारलं, "विलास, नववीत गणितात तुझे किती होते रे?"

त्याने ताटात मान घातली.

"पापा, तुम्ही फेल झाला होतात?" ओंकार जवळजवळ खूश होऊन म्हणाला.

सुषमा म्हणाली, "मामंजींनी कधी बोलून दाखवलं नाही ते."

"त्यांना कळलं असतं तर बोलले असते," मी म्हटलं.

"मग सही कुणी केली?" सुषमाने विचारलं.

मी डावा अंगठा वर केला.

विलासने त्या अंगठ्याकडे बघितलं. मग प्रगतिपुस्तक माझ्यापुढे सरकवून मनूला म्हणाला, "माझ्या ड्रॉवरमध्ये स्टॅम्प पॅड आहे. घेऊन ये."