चिमटीतली तीनशे बारा माणसं

सासूबाई व्हिनेगरची बाटली आणायला स्वयंपाकघरात गेल्या, आणि तेवढ्या वेळात जावईबापूंनी मदत केली.

ही मदत कुणी मागितली नव्हती. बायकोनं दिलेला डबा पोचवायचा, येता येता सासूबाईंनी फोनवर सांगितलेला बटण सेल घ्यायचा आणि चहा पिऊन निघायचं, एवढाच त्यांचा त्या दुपारचा कार्यक्रम होता. पण बाहेरच्या खोलीत टेबलावर पांढऱ्या चादरीवर सासूबाईंनी दुरुस्तीला घेतलेलं एक यंत्र पाठ उघडी टाकून पडलेलं दिसलं. चष्म्याच्या घराएवढं, बिजागरीवर उघडणारं, आत नखाएवढ्या कळांचा कीबोर्ड. फोन हुशार व्हायच्या आधी साहेबलोक जे खिशातून काढून भाव खायचे, त्यातलं. दोन पेन्सिल सेलांची जागा रिकामी होती, कोपऱ्यात जुना बटण सेल होता, आणि जावईबापूंच्या हातात नवा कोरा. जुना काढायचा, नवा बसवायचा. वीस वर्षं विमा विकलेल्या माणसाला एवढंही जमू नये?

त्यांनी स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं जुना सेल उचकटला. टक्क आवाज झाला. सेल उडून टेबलाखाली गेला आणि त्याला दाबून धरणारी, कापलेल्या नखासारखी बारीक पत्रीही त्याच्याबरोबर गेली. ती गेल्याचं त्यांच्या गावीही नव्हतं, कारण ते नव्या सेलच्या पाकिटाशी झटापट करत होते. पाकीट हातानं फाटेना. कात्री दिसेना. शेवटी त्यांनी दात लावले.

सासूबाई दारात आल्या तेव्हा जावई तोंडात पाकीट धरून उभे.

“बटण सेल कुठाय?”

“बदलतोय ना. म्हटलं तुमचा तेवढाच भार हलका.”

सासूबाईंच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं जावयानं लग्नापासून आजवर पाहिलं नव्हतं. त्या टेबलाशी आल्या, यंत्राकडे वाकून पाहिलं, तुटलेल्या पत्रीची जागा पाहिली. नवा सेल दाबून धरायला तिथं आता काहीच उरलं नव्हतं. मग खणातून दोन सेल भरलेली एक डबी काढली. तिला एक लाल आणि एक काळी तार होती.

“किती वेळ झाला काढून?”

“आत्ताच. दहा सेकंद. फार तर पंधरा.”

हे साफ खोटं होतं. नुसत्या पाकिटाशी कुस्ती खेळण्यातच मिनिट गेलं होतं.

“बसा इथं. दोन्ही हात आणा. ही लाल तार इथं टेकवा. काळी इथं. दाबा. आणखी. आता हलायचं नाही.”

“किती वेळ?”

“मी सोडा म्हणेपर्यंत.”

ह्या जुन्या यंत्रांचा स्वभाव असा, की त्यांच्या पोटातलं सगळं वीज आहे तोवरच. पेन्सिल सेल बाहेर असतील तेव्हा बटण सेल किल्ला लढवतो, बटण सेल बाहेर असेल तेव्हा पेन्सिल सेल. दोन्ही एकदम बाहेर आले की पाटी कोरी. आत एक बारकीशी साठवण असते, ती अर्धं मिनिट दम धरते, पण यंत्र नवं असताना. हे यंत्र सव्वीस वर्षांचं होतं. त्याच्या पेन्सिल सेलांनी आत पाझरून सगळ्या पट्ट्या हिरव्या गंजानं खाऊन टाकल्या होत्या. त्या साफ करून, खाल्लेल्या जागी नवी पट्टी बसवेपर्यंत बिचारा बटण सेल एकटा उभा होता. त्यालाच जावईबापूंनी निवृत्त केलं.

“तारांना डाग देऊन टाका ना,” जावई म्हणाले. त्यांना आपल्याला सोल्डरिंग हा विषय अगदीच परका नाही, असं दाखवायचं होतं.

“त्या पोलादावर कथिल धरत नाही. आणि धरेपर्यंत खालचं प्लॅस्टिक वितळेल.”

“मग चिकटपट्टी?”

“तुमचं बोट सरकलं. बोलू नका.”

बोट खरंच सरकलं होतं. केसाएवढं. जावयानं ते परत दाबलं आणि त्या क्षणी त्यांना पहिल्यांदा घाम फुटला. ह्या खोलीत काम चालू असताना पंखा लावत नाहीत. वाऱ्यानं स्क्रू उडत नाहीत हे खरं, पण त्यांच्याखाली घातलेले कागदाचे चिटोरे उडतात, आणि कुठला स्क्रू कुठल्या भोकाचा हे त्या चिटोऱ्यांवर असतं.

सासूबाईंनी बाटली उघडली, कानातल्या काडीचा कापूस व्हिनेगरमध्ये बुडवला आणि गंज पुसायला घेतला. जावयाच्या बोटांपासून दोन इंचांवर.

त्या यंत्रात काय होतं हे जावयाला ठाऊक होतं. ते बुटवाल्या काकांचं. काका सरळ पायांचे बूट करत नाहीत. एक पाय आखूड, टाच आत वळलेली, अपघातात बोटं गेलेली, अशा पायांचे करतात. तीनशे बारा माणसं त्यांच्याकडून बूट घेतात आणि त्यांतली निम्मी दूर राहतात. त्यांचं नुसतं पत्र येतं की तळवा झिजला, आणि काका ह्या यंत्रात पाहून नवा जोड पाठवतात. मापं, जाड्या, कुठं किती उंची, आणि खाली टीप: हिला डाव्या टाचेला दुखतं पण सांगत नाही. अशी सव्वीस वर्षं. नक्कल काढायची काका दर वर्षी ठरवत होते. शेवटी परवा ठरलं, आणि परवाच यंत्र सुरू होईना. आज पाच वाजता ते न्यायला येणार होते.

भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन वाजून गेले होते. जावयाला मान वळवता येत नव्हती म्हणून ते डोळे वळवून पाहत होते.

सासूबाई ह्या धंद्यात पडल्या त्याही अशाच, कुणी न मागता. त्या पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून होत्या. एक दिवस वरून हुकूम आला की मीटर वाचणाऱ्यांनी वह्या बंद करायच्या, प्रत्येकाला एकेक हातातलं यंत्र. चाळीस यंत्रं आली. संध्याकाळी ती गोळा करून, दिवसभराचे आकडे मोठ्या यंत्रात उतरवून घ्यायचं काम सासूबाईंकडे. यंत्रं कधी मीटरच्या खड्ड्यात पडायची, कधी भिजायची, एक तर कुत्र्यानं चावलं होतं. दुरुस्तीवाला वर्षातून दोनदा यायचा, पहिल्यांदा पाहायला आणि दुसऱ्यांदा सुटे भाग मिळत नाहीत हे सांगायला. मग सासूबाईंनी एक दिवस केसातला आकडा काढला आणि यंत्र उघडलं. साहेब म्हणाले, “बाई, हे तुमचं काम नाही.” बाई म्हणाल्या, “मग कुणाचं ते सांगा, त्याला बोलावते.” साहेबांना नाव सुचेना. कचेरीनं पुढं ती यंत्रं भंगारात काढली तेव्हा बाईंनी चाळीसच्या चाळीस पोत्यात भरून घरी आणली, आणि निवृत्तीनंतर बाहेरच्या खोलीत टेबल मांडलं. अजूनही जुनी यंत्रं जिवापाड जपणारी माणसं आहेत, ही गोष्ट घरच्यांना पटेपर्यंत दाराशी रांग लागलेली होती.

जावयाचं डावं मनगट आता मनगट राहिलं नव्हतं, ते कुणीतरी त्यांच्याकडे ठेवायला दिलेलं लाकूड होतं. नाकाच्या शेंड्यावर घामाचा थेंब जमत होता. तो पडला तर नेमका यंत्राच्या पोटात. त्यांनी ओठ पुढं काढून वर फुंकर मारली. थेंब डगमगला आणि पुन्हा बसला.

“आई,” ते पुटपुटले, “थेंब.”

सासूबाईंनी मान वर न करता पदराचं टोक त्यांच्या नाकावरून फिरवलं, लहान मुलाचं पुसावं तसं, आणि पुन्हा कामाला लागल्या.

एवढ्यात जावयाच्या शर्टाच्या खिशात फोन वाजला. दचकून हात हलला.

“हलू नकोस! गाढवा, हलू नकोस!” सासूबाई कडाडल्या.

तार निसटली नव्हती. कशी निसटली नाही हे जावयालाही कळलं नाही. फोन वाजतच होता. सासूबाईंनी तो खिशातून काढला, कानाशी धरला.

“बोल ग.”

“आई? फोन तू कसा उचललास? हा कुठाय?”

“इथंच आहे. हात गुंतलेत.”

“काय करतोय?”

“मदत.”

मुलगी लगेच म्हणाली, “काय मोडलं?”

“ते पाच वाजता सांगते,” म्हणून सासूबाईंनी फोन ठेवला आणि जावयाकडे वळल्या. “मघाशी बोलण्यात जरा एकेरी झालं. मनावर घेऊ नका.”

“छे छे, आई. चालू द्या.”

गंज निघाला, पण खालची पट्टी चाळणीसारखी झाली होती. सासूबाईंनी पोत्यातल्या एका मेलेल्या यंत्राची पट्टी कापून आणली, भिंगाखाली धरली, कानशीनं घासली, लावून पाहिली, काढली, पुन्हा घासली. इस्त्री तापावी तशी सोल्डरिंगची सळई तापत होती. त्याच वेळी दारावर टकटक झाली. साडेचारच झाले होते, पण बुटवाले काका लवकर आले होते.

काका आत आले ते आधी जावयाच्या पायांकडे बघत. “उजवी टाच बाहेरून झिजवता तुम्ही,” ते म्हणाले, आणि मग त्यांना टेबल दिसलं. “काय झालं?”

जावयानं तोंड उघडलं, पण सासूबाईंनी आधी बोलून टाकलं. “काका, दोन्ही सेल एकदम बाहेर आले. माझ्या टेबलावर आले, म्हणजे माझी चूक. आतलं राहिलंय की गेलंय हे आत्ता सांगता येत नाही.”

“चालू करून बघा ना.”

“ह्या तारांवर पडदा चालू केला तर उरलंसुरलं जाईल. पेन्सिल सेल बसेपर्यंत थांबायचं.”

काका खुर्चीवर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग खिशातून पेन्सिल आणि एक पावती काढली आणि पावतीच्या पाठीवर लिहू लागले. मोठ्यानं बोलत, स्वतःशीच. “टपालवाली. डावा, सव्वादोन इंच आखूड. गवंड्याचा मुलगा. उजवी टाच आत, कडेला पाचर. शाळेतल्या बाई...” पेन्सिल झपझप चालली होती. पंधरा झाले. सोळा. अठराव्याला ती जरा थांबली. एकोणिसाव्यावर काकांनी डोळे मिटले.

“बेकरीवाला. पाचर आतून... का बाहेरून?” ते म्हणाले. “का ती त्याच्या भावाची?”

काकांनी बेकरीवाला खोडला, पेन्सिल पावतीवर ठेवली आणि ते नुसते बसून राहिले. तीनशे बारांतले अठरा.

जावयाला ते सहन होईना. रिकाम्या पाळण्याची दोरी तर आपण ओढत नाही ना, हा विचार तासभर त्यांना आतून कुरतडत होता, आणि त्या विचाराला आधारही होता, कारण मिनिट किती लांब होतं हे फक्त त्यांनाच ठाऊक होतं.

“आई,” ते म्हणाले, “पंधरा सेकंद नव्हते ते. मिनिट झालं असेल. जास्तच.”

“माहितीये.”

“माहितीये?”

“पाकिटावर तीन ठिकाणी दातांच्या खुणा आहेत. पंधरा सेकंदांत माणूस तीनदा चावत नाही. हात स्थिर ठेवा, डाग देतेय.”

सळईच्या टोकाला कथिल वितळलं, धुराची बारीक रेघ वर चढली. जावयाच्या करंगळीला चटका बसला. ते हलले नाहीत, नुसतं दातांमधून “स्स” झालं. काका उठून उभे राहिले. सासूबाईंनी डागावर फुंकर घातली, चिमट्यानं पट्टी हलवून पाहिली. हलली नाही. नवे पेन्सिल सेल उचलले, एक बसवला. दुसरा बसेना. काढला, पट्टी केसाएवढी वाकवली, पुन्हा लावला. बसला.

“सोडा.”

जावयाला सोडताच येईना. बोटं तशीच आकसून राहिली होती. सासूबाईंनी एकेक बोट धरून सोडवलं.

मग यंत्र सरळ केलं, झाकण उघडलं. “तारीख विचारली तर गेलं,” त्या म्हणाल्या. “यादी आली तर आहे.” आणि कळ दाबली.

पडदा राखाडी. त्यावर काहीच नाही. काकांचा श्वास ऐकू येत होता. सासूबाईंनी कडेची चकती हळूहळू फिरवली, पडदा गडद व्हायला लागला, आणि राखाडीतून अक्षरं वर आली, तळ्यातून मासे यावेत तशी. सगळ्यात वर टपालवाली. डावा, सव्वादोन.

काका वाकले, खाली खाली गेले, बेकरीवाल्यावर थांबले. “बाहेरून,” ते म्हणाले. “बाहेरूनच होती.” आणि टोपीनं डोळे पुसले. सासूबाईंनी त्यांना फार वेळ पुसू दिलं नाही. यंत्र तारेनं संगणकाला जोडलं, नक्कल काढली, आणि त्या नकलेचीही आणखी एक नक्कल काढून काकांच्या हातात ठेवली. काका जाताना जावयाच्या पाठीवर थाप मारून गेले. टाचेसाठी कधीही या म्हणाले.

दार लागल्यावर जावई करंगळी फुंकत बसले. सासूबाई पंखा लावून खुर्चीत टेकल्या.

“आई, एक विचारू? मिनिट झालंय हे तुम्हाला आधीपासून कळलं होतं. म्हणजे आत काही राहिलं असेल याची तुम्हालाही खात्री नव्हती. मग तासभर मला तारा धरून का बसवलंत?”

“तुम्ही मोकळे असतात तर मला काम सुचलं नसतं.”