आईच्या गुडघ्यांवर ठरलेली वाट

माझा नवरा टेकड्यांमध्ये चालायच्या वाटा आखतो. एवढं सांगितलं की लोक विचारतात, "म्हणजे नक्की काय करतात?" आणि मग मला अख्खं पुराण लावावं लागतं. आमच्या गावामागे चुनखडीच्या टेकड्या आहेत. सुट्टीच्या दिवशी शहरातून पोराबाळांसकट माणसं तिथे चालायला येतात. कुठून चढायचं, कुंपण कुठे ओलांडायचं, ओढा जमिनीत गडप होतो ती जागा कुठून बघायची, हे तो ठरवतो. खांब रोवतो, बाण रंगवतो आणि वाटेच्या तोंडाशी पाटी लावतो. हिरवी पाटी म्हणजे आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळ्यांना जमेल. पिवळी म्हणजे जरा जपून. लाल म्हणजे फारच हौस असेल तर.

पाटीचा रंग ठरवायला त्याच्या कार्यालयात चढ मोजायचं यंत्र आहे, पण माझ्या नवऱ्याचा त्यावर काडीचा विश्वास नाही. "यंत्राला गुडघे असतात का?" असं तो म्हणतो. त्याचं यंत्र म्हणजे माझी आई. नवी वाट आखली की आधी तिला घेऊन जायचं. न बसता शेवटपर्यंत पोचली तर हिरवी, मध्ये बसली तर पिवळी. कार्यालयातले लोक त्याला 'सासूभक्त' म्हणतात. जावई सासूला एवढा हिंडवतो म्हणून माझ्या मैत्रिणींच्या पोटात दुखायचं, आणि खोटं कशाला बोलू, मीही त्यावर भाव खाऊन घेतला.

त्याला कारणही होतं. बाबा गेल्यावर आई आमच्याकडे आली ती भिंतीकडे तोंड करून पडूनच राहिली. मी रागावून पाहिलं, लाडीगोडी लावून पाहिली, पालथ्या घड्यावर पाणी. एके दिवशी याने नवे बूट आणून तिच्या पलंगाशी ठेवले आणि म्हणाला, "आई, एक नवी वाट चालून बघायची आहे. तुमच्याशिवाय कुणाला विचारू?" ती उठली. त्या दिवसापासून ती परत माणसांत आली. वाटेवरून परतली की जेवताना तिचं एकच पालुपद असायचं, "माझी वाट हिरवी झाली बरं का."

चुनखडीच्या दगडात जुने शिंपले सापडतात, दगडच होऊन बसलेले. आईला त्यांचा नाद लागला. थोडं चाललं की थांबायची, वाकायची आणि म्हणायची, "थांबा जावईबापू, शिंपला दिसतोय." याने कौतुकाने तिला भिंग आणून दिलं. मला वाटलं, म्हातारपणी आई शास्त्रज्ञ होणार. रात्री मात्र तिच्या गुडघ्यांना तेल चोळायला मीच. ते सुजलेले गुडघे रोज हातात घेत होते, पण "इतके का गं सुजतात?" असं विचारायचं कधी सुचलं नाही मला. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय.

गेल्या महिन्यात खिंडीच्या वाटेवर एक आजोबा पडले. वाट हिरव्या पाटीची. दोन नातवंडांना घेऊन ते एकटेच आले होते. चढावर पाय लटपटायला लागले, ओला दगड साबणासारखा निसटता, आणि खुब्याचं हाड मोडलं. मोठी नात धावत खाली मदत आणायला गेली. धाकटा आजोबांचं डोकं मांडीवर घेऊन रडत बसला. त्याने ते सोडलं नाही, असं उचलून आणणाऱ्यांनी सांगितलं.

माझ्या नवऱ्याचं अन्न तुटलं. कधी नव्हे ते यंत्र घेऊन तो खिंडीत गेला आणि चढ मोजून आला. यंत्र म्हणालं, पिवळी. त्याने स्वतःच्या हाताने पाटी उतरवली आणि घरी येऊन बूट न काढता स्वयंपाकघरात बसला. आई समोर लसूण सोलत होती. "उद्या साहेबांना सांगतो," तो म्हणाला, "मला गोदामात टाका. वाटा आखायची माझी लायकी नाही."

आईचे हात थांबले.

"जावईबापू, मी शिंपले बघत नव्हते."

"आई..."

"बोलू द्या मला. दगडातलं मला काही दिसत नाही, आणि भिंगातून तर त्याहून नाही. वाकलं की दम खाता येतो, म्हणून वाकायचे. खिंडीच्या चढावर डोळ्यांसमोर काजवे चमकले होते. बसले असते तर तुम्ही म्हणाला असतात, आईंना आता झेपत नाही, घरीच राहू दे. मला परत त्या भिंतीकडे तोंड करून पडायचं नव्हतं. त्या बिचाऱ्यांना मी पाडलं. तुमचा काय दोष?"

मी त्याच्याकडे पाहिलं. वाटलं, आता याच्या डोक्यावरचं ओझं उतरेल. तो मान खाली घालून बसला होता.

"मला माहीत होतं, आई," तो म्हणाला. "खिंडीत तुम्ही डोळे मिटून भिंग धरलं होतं. पण वर पोचल्यावर तुम्ही विचारलंत, 'हिरवी ना?' माझ्याच्याने 'नाही' म्हणवलं नाही. पिवळी लावली असती तर तुम्ही पुन्हा बूट घातलेच नसते."

माझा संताप संताप झाला. "शाब्बास," मी म्हटलं. "एकमेकांची मनं सांभाळत बसलात, आणि हाड मोडलं दुसऱ्याच्या बापाचं." बोलून मलाच कसंतरी झालं, पण शब्द मागे घेतले नाहीत. घेण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी तो साहेबांकडे जाण्याआधी दवाखान्यात निघाला. आई म्हणाली, "मीही येणार," म्हणून मीही सोबत गेले. वॉर्डाबाहेर आजोबांची मुलगी बाकावर बसली होती. नवऱ्याने कार्यालयाचं नाव सांगताच तीच बोलायला लागली. "पाटीचं काही म्हणणं नाही हो माझं. चूक माझीच आहे. मला काम होतं, मुलं घरात धुडगूस घालत होती. मीच बाबांना म्हटलं, हिरवी वाट आहे, घेऊन जा. एकट्या म्हाताऱ्या माणसाला मी पिटाळलं." बोलता बोलता तिचा चेहरा वेडावाकडा झाला.

गप्प राहिला असता तर तिथेच सुटला असता तो. तिने स्वतःहूनच सगळं अंगावर घेतलं होतं. लाज वाटते सांगायला, पण क्षणभर मलाही वाटलं, गप्प बस.

"ती वाट हिरवी नव्हती," तो म्हणाला. "मला माहीत होतं, तरी मी हिरवी पाटी लावली." आणि त्याने तिला सगळं सांगितलं, आईसमोरच.

ती म्हणाली, "हे आत जाऊन बाबांना सांगा. हिरवी वाटसुद्धा जमली नाही म्हणजे आपला कारभार आटोपला, असं धरून बसलेत ते. मुलांना जवळ येऊ देत नाहीत."

आत आजोबा छताकडे बघत पडले होते. नवऱ्याने पुन्हा सगळं सांगितलं, काही न वगळता. आजोबांनी त्याच्याकडे मान वळवली नाही. ते आईकडे बघत होते.

"तुमचे पाय कुठे लटपटले?" त्यांनी विचारलं.

"ते मोठं झाड आडवं पडलंय ना, त्याच्या जरा वर."

"मीही तिथेच. मला वाटलं, मीच संपलो. पोरांसमोर पडलो हो मी."

"मीही पडणारच होते," आई म्हणाली. "मला धरायला जावईबापू होते, एवढंच."

आजोबांनी डोळे पुसले आणि उशाजवळची खुर्ची दाखवून आईला बसायला सांगितलं. मुलगी मुलांना बोलवायला बाहेर गेली. माझा नवरा पलंगाच्या पायथ्याशी उभाच होता. त्याला कुणी बस म्हटलं नाही, आणि मीही म्हटलं नाही.